त्वचेचा लिम्फोमा: निदानापासून शेवटच्या लाइटपर्यंत

जून २०२५ मध्ये माझी फोटोथेरपी, म्हणजे अंगावर लाइट घ्यायचे उपचार, संपली. आजाराचं नाव मायकोसिस फंगॉइड्स, म्हणजे त्वचेत सुरू होणारा लिम्फोमाचा (पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचा) एक प्रकार. निदान झालं त्या रात्री मराठीत याबद्दल काही वाचायला मिळतं का म्हणून शोधत बसले होते, पण हाती फारसं काही लागलं नाही. इंग्रजीत भरपूर होतं, पण त्यातले फोटो बघून झोपच उडाली. ते फोटो खूप पुढे गेलेल्या आजाराचे होते आणि माझा आजार त्या टप्प्यावर नव्हता. हे कळेपर्यंत मधले काही आठवडे फार वाईट गेले. म्हणून हे सगळं तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही, एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. इथे लिहिलंय ते माझ्या बाबतीत घडलेलं आणि माझ्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलेलं. प्रत्येकाचा आजार वेगळा असतो, तेवढं ध्यानात ठेवा.

आमचं गाव कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या पलीकडे, शिवाजी पूल ओलांडून. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर गाळ काढण्यात कितीतरी दिवस ओल्या कपड्यांतच गेले. त्या वेळी गल्लीत बहुतेकांना चिखल्या नाहीतर नायटा झालेला. माझ्याही कमरेवर, परकराच्या नाडीच्या खाली, लालसर चट्टे उठले. सगळ्यांनी नायटाच धरला, आणि तसं धरण्यात काही वावगंही नव्हतं. मेडिकलमधून ट्यूब आणली, चट्टे फिके पडले. ट्यूब संपली, ते परत आले.

असं दोन-तीन वर्षं चाललं. दुकानात सहज मिळणाऱ्या अशा अनेक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत तीव्र स्टेरॉइडही असतं. स्टेरॉइडनं लिम्फोमाचा चट्टासुद्धा काही दिवस दबतो. त्यामुळे औषध लागू पडतंय असं वाटतं, आणि खरा आजार आत तसाच राहतो.

आता मागे वळून पाहते तेव्हा फरक दिसतो. नायट्याच्या गोलाची कड उचललेली असते, मधला भाग साफ होत जातो आणि घरात एकाला झाला की दुसऱ्यालाही होतो. माझे चट्टे मधून साफ झाले नाहीत. घरात कुणालाही लागण झाली नाही. ते कंबर, नितंब, मांड्यांची आतली बाजू, छातीखालचा भाग अशाच जागी होते, जिथे ऊन कधी पोचत नाही. आणि तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, बारीक सुरकुत्यांची दिसायची. ही खूण डॉक्टर मुद्दाम बघतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये शहरातल्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा बायॉप्सी केली, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये जुनाट इसबासारखे बदल आहेत, असं आलं. सगळे निर्धास्त झाले. पुढे कळलं की या आजारात असं वरचेवर होतं. सुरुवातीच्या काळात बिघडलेल्या पेशी इतक्या थोड्या असतात आणि साध्या सुजेतल्या पेशींसारख्या इतक्या हुबेहूब दिसतात, की एका तुकड्यावरून पॅथॉलॉजिस्टला खात्रीनं काही सांगता येत नाही. पहिल्या चट्ट्यापासून नाव मिळेपर्यंत अनेक वर्षं जाणं, वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा बायॉप्सी करावी लागणं, हे जगभरातल्या रुग्णांच्या वाट्याला येतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी मनाची इतकी ओढाताण झाली नसती.

२०२३ भर चट्टे वाढत गेले. काही ठिकाणी हाताला जाड लागायला लागले. दंडांवर फिकट ठिपकेही आले. शेजारच्या काकूंनी "कोड तर न्हवं?" असं विचारलं. एका डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून त्या ठिपक्यांवर कापूस फिरवला. कुष्ठरोगात संवेदना जाते, ती तपासत होते. मला स्पर्श नीट कळत होता. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर हा आजार कधी कधी लाल न दिसता फिकटच दिसतो, हे मी नंतर शिकले. सगळ्यात त्रासाची होती खाज. दिवसा कामात कळायची नाही, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू व्हायची.

माझी पुतणी नर्सिंगचं शिकते. तिनं ऑक्टोबरमध्ये एका दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी लाइटखाली सगळं अंग बघितलं, अगदी तळपायापासून डोक्याच्या कातडीपर्यंत. इतकं सगळं तोवर कुणी बघितलं नव्हतं. काखेत आणि जांघेत अवधाण आहे का ते चाचपलं. मग म्हणाल्या, "परत बायॉप्सी करू या, पण त्याआधी सगळ्या ट्यूब चार आठवडे पूर्ण बंद." स्टेरॉइड चालू असलं की ज्या पेशी शोधायच्या त्याच विखुरतात, आणि तुकडा काढूनही काही दिसत नाही. ती दिवाळी मी नुसतं खोबरेल तेल आणि व्हॅसलीन लावून काढली. फराळाच्या चुलीपुढे बसवत नव्हतं, इतकी आग व्हायची. पण बायॉप्सी ठरली असेल तर हा पथ्याचा काळ पाळाच, आणि कोणती ट्यूब किती दिवस लावली ते डॉक्टरांना रिकाम्या ट्यूब नेऊन दाखवा. नावं आपल्याला सांगता येत नाहीत.

डिसेंबरच्या सुरुवातीला दोन जागांवरून तुकडे घेतले, एक कमरेवरचा पातळ चट्टा आणि एक नितंबावरचा जाड. भुलीची सुई टोचते तेवढंच दुखतं. मग पेन्सिलीच्या टोकाएवढ्या गोल पात्यानं तुकडा काढतात आणि एक टाका घालतात. दहाव्या दिवशी टाके काढले. जागा बसण्याची होती, म्हणून ऑफिसात काही दिवस उशी घेऊन बसले. बायॉप्सी आणि पहिला रिपोर्ट मिळून साडेचार हजारांच्या आसपास गेले.

रिपोर्टमध्ये या वेळी संशय व्यक्त केला होता. तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात ठेवतात तो ब्लॉक पुढच्या तपासणीला मुंबईला पाठवला. तिचं नाव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, खर्च आणखी नऊ हजार. पेशींवर कोणत्या खुणा आहेत आणि कोणत्या हरवल्या आहेत, ते त्यात रंगांनी कळतं. उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत मी रोज मोबाइल बघायचे आणि घरात कुणाशी धड बोलायचे नाही.

जानेवारी २०२४ च्या शेवटी रिपोर्ट आला. संक्रांतीचं हळदी-कुंकू चालू होतं. आमच्याकडच्या बायका गेल्यावर नवऱ्यानं दार लावलं आणि सांगितलं, त्याला दुपारीच फोन आला होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला समोर बसवून तासभर समजावलं. त्याचा सार असा.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या काहींचं काम कातडीत पहारा देणं. त्यांतली एखादी पेशी बिघडते, मरायच्या वेळी मरत नाही आणि स्वतःच्याच प्रती काढत राहते. या प्रती कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात शिरून बसतात. माझ्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच दिसलं होतं, शिवाय त्या पेशींवरची सीडी-७ नावाची खूण हरवली होती. आधी सपाट चट्टे येतात, मग जाड चकत्या, आणि काही थोड्या रुग्णांत पुढे गाठी. पण हा प्रवास बहुतेकांत वर्षानुवर्षं चालतो, आणि पुष्कळ जणांत पहिल्या पायऱ्यांच्या पुढे जातच नाही. अलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८०६ मध्ये पहिल्यांदा याचं वर्णन केलं. त्यांच्या रुग्णाच्या गाठी अळंब्यांसारख्या दिसत होत्या, त्यावरून हे नाव पडलं. बुरशीशी याचा काही संबंध नाही. पेशी का बिघडते, याचं पक्कं कारण विज्ञानाला अजून सापडलेलं नाही. पुराचं पाणी, खाणं, साबण, कुणाची दृष्ट, यांतलं काही नाही, हे बाईंनी स्वतःहून सांगितलं. ते ऐकून मला रडू आलं. साडेचार वर्षं मी मनात त्या गाळालाच दोष देत होते.

घरी सासूबाईंनी एवढंच विचारलं, "शिवल्यानं लागतंय का गं ते?" म्हटलं, नाही. "आणि पोरीला?" तिलाही नाही, हा आजार आईकडून मुलीकडे जात नाही. त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मग औषध घेऊ. हाय न्हवं औषध?" बाकीच्या घरालाही त्यापेक्षा जास्त काही बोलायची गरज पडली नाही.

आमच्या एका नातेवाइकांचं म्हणणं पडलं की कॅन्सर आहे तर लगेच केमो सुरू करा, उशीर कशाला. त्यांची काळजी खरी होती. मी हे बाईंना विचारलं. त्यांनी अमेरिकेतल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. १०३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सुरुवातीपासून केमो आणि सगळ्या अंगाला इलेक्ट्रॉनचं रेडिएशन, दुसऱ्याला आधी फक्त त्वचेवरचे उपचार आणि गरज पडेल तसे पुढचे. जोरदार उपचार घेतलेल्यांचे चट्टे जास्त प्रमाणात गेले, पण ते जास्त जगले असं झालं नाही, त्रास मात्र पुष्कळ झाला. तेव्हापासून सुरुवातीच्या टप्प्यात केमो न देता त्वचेवरच उपचार करायची पद्धत आहे. कॅन्सरच्या नावानं घाबरून कुणी तुम्हाला घाई करत असेल, तर हा मुद्दा डॉक्टरांशी नक्की बोला.

बाईंचा आग्रह होता की एकदा मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलला दाखवून यायचं, टप्पा पक्का करायचा आणि उपचार शक्यतो कोल्हापुरातच घ्यायचे. फेब्रुवारीत गेलो. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी दादरला उतरता येतं आणि परळ तिथून जवळ. जाताना काय न्यायचं हे नीट सांगते, कारण याच गोष्टीसाठी माणसं परत गावाला धावतात. बायॉप्सीचे नुसते रिपोर्ट पुरत नाहीत, मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड बरोबर लागतात, कारण तिथले पॅथॉलॉजिस्ट त्या स्वतः पुन्हा बघतात. ब्लॉक लॅबकडून लेखी अर्ज देऊन, सही करून घ्यावे लागतात. आदल्या दिवशी मागून मिळत नाहीत, आठवडाभर आधी मागा. नेताना उन्हात किंवा गरम गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. आधार कार्ड, आधीच्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि चट्ट्यांचे जुने फोटो तारखेसकट घ्या. माझ्या नवऱ्यानं मोबाइलमध्ये दर महिन्याचे फोटो ठेवले होते, ते तिथल्या डॉक्टरांनी लक्ष देऊन बघितले.

नोंदणीच्या वेळी जनरल की प्रायव्हेट असं विचारतात. आम्ही जनरल घेतलं. स्मार्ट कार्ड मिळतं, त्यात पैसे भरायचे आणि तपासण्यांचे पैसे त्यातूनच जातात. गर्दी प्रचंड असते आणि दिवसचा दिवस बसायची तयारी ठेवून जावं लागतं. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाला. तिथं टाटाचे कागद दाखवावे लागतात. आमच्या शेजारी नांदेडचं एक जोडपं होतं, त्यांच्या लहान मुलाला रक्ताचा कॅन्सर. त्या माउलीनं मला चहा करून दिला. माझ्या आजाराचं ऐकून ती म्हणाली, "ताई, तुमचं हळू चालणारं आहे, देवाची कृपा आहे." हळू चालणारं हा शब्द तिच्या तोंडून ऐकला तेव्हा तो मला पहिल्यांदा खरा वाटला.

टप्पा कसा ठरवतात, ते मला फार वेधक वाटलं. रुग्णाच्या स्वतःच्या हाताचा पंजा, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाच्या साधारण एक टक्का कातडी. डॉक्टरांनी माझ्याच पंजाच्या मापानं चट्टे मोजले. दहा टक्क्यांच्या आत असेल तर सगळ्यात पहिला गट, जास्त असेल तर पुढचा. माझे पंधराच्या आसपास भरले. सीटी स्कॅनमध्ये गाठी नव्हत्या. रक्तात सेझारी पेशी नावाच्या बिघडलेल्या पेशी फिरतात का तेही बघितलं, त्या नव्हत्या. एलडीएच नावाची रक्ताची तपासणी नॉर्मल. टप्पा ठरला एक-बी. याचा अर्थ आजार फक्त कातडीत, सुरुवातीचा, पण पसरट. डॉक्टरांनी सांगितलं की या टप्प्यावर पूर्ण मुळासकट बरं करण्याची हमी देत नाहीत. आजार शांत करतात, तो परत डोकं वर काढू शकतो, आणि तेव्हा परत शांत करतात. बहुतेक लोक असे कितीतरी वर्षं नीट जगतात, कामधंदा करतात. मी हे वाक्य त्यांना परत एकदा म्हणायला सांगितलं आणि वहीत लिहून घेतलं.

या सगळ्यात मुंबईचा खर्च, प्रवास आणि तपासण्या धरून, पंचवीस हजारांच्या आत राहिला. परत जावं लागलं तेव्हा रेल्वेच्या सवलतीची माहिती मिळाली. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. रुग्णालयातून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यायचा आणि आरक्षणाच्या खिडकीवर द्यायचा. दाखल्याच्या झेरॉक्स काढून ठेवा.

मार्च २०२४ च्या मध्याला कोल्हापुरात नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांची फोटोथेरपी, सुरू झाली. आठवड्यातून तीनदा. उभं राहायचं एक कपाट असतं, आतून चारी बाजूंनी उभ्या नळ्या. डोळ्यांवर काळा गॉगल, कपडे काढून मध्ये उभं राहायचं. पहिल्या दिवशी काही सेकंद, नंतर दर वेळी थोडं थोडं वाढवत काही मिनिटं. दर वेळचे साडेतीनशे रुपये. दुखत काहीच नाही. उघडं उभं राहायची लाज वाटते पहिले काही दिवस, मग तीही जाते. तिथल्या सिस्टर फार समजूतदार होत्या. मशिन बंद झालं की दार उघडायच्या आधी आवाज द्यायच्या.

त्या नळ्यांतून ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा किरणांचा एक अरुंद पट्टाच येतो. त्या किरणांनी कातडीच्या वरच्या थरातल्या बिघडलेल्या टी-पेशी मरतात. हे मुद्दाम लिहितेय, कारण गावात मला अनेकांनी सांगितलं की मग पैसे कशाला घालवतीस, गच्चीवर उन्हात बस की. एका मावशींनी तर अंबाबाईच्या किरणोत्सवाचा दाखला दिला, देवीलाही सूर्य भेटायला येतो म्हणून. त्यांची माया मला कळत होती. पण उन्हात सगळेच किरण मिसळलेले असतात, त्यांचं माप ठरवता येत नाही, आणि कातडी भाजते. मशिनमध्ये मात्र दर वेळची मात्रा वहीत लिहिलेली असते. आदल्या वेळी लाली आली असेल तर पुढची मात्रा वाढवत नाहीत. लाली किती तास टिकली ते मी लिहून न्यायचे, त्याचा डॉक्टरांना उपयोग झाला.

एप्रिल-मे फार कठीण गेले. आधीच उकाडा, त्यात अंग कोरडं पडायचं. मला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगते: कोमट पाण्यानं पटकन अंघोळ, साबण फक्त गरजेपुरता, अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन. लाइट घ्यायच्या आधी मात्र अंगाला तेल-मलम काही लावायचं नाही, घरी आल्यावरच लावायचं. परकर सोडून मी सैल सुती सलवार-कमीज घालायला लागले. नाडीचा काच गेला आणि खाज निम्मी कमी झाली असं माझं मत आहे. पतसंस्थेच्या साहेबांनी आठवड्यातले तीन दिवस सकाळी तासभर उशिरा यायची परवानगी दिली. मी त्यांना आजाराचं नाव सांगितलं होतं. लपवलं असतं तर दर वेळी कारण शोधावं लागलं असतं.

जुलैच्या शेवटी पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली आणि आमच्याकडचे रस्ते बंद झाले. तेव्हा लाइट चुकले. माझ्या मनात भीती बसली की आता सगळं पहिल्यापासून. तसं झालं नाही. आठवडा-दोन आठवड्यांचा खंड पडला तर मात्रा कमी करून परत चढवतात. फक्त मधल्या खंडाबद्दल खरं सांगायचं, नाहीतर जुन्याच मात्रेनं कातडी भाजू शकते.

तोवर पातळ चट्टे बरेचसे गेले होते. नितंबावरच्या आणि मांडीवरच्या जाड चकत्या मात्र तशाच. यूव्हीबी किरण फार खोल जात नाहीत. म्हणून सप्टेंबरमध्ये, गौरी-गणपती झाल्यावर, पुवा सुरू केलं. यात आधी सोरालेनची गोळी घ्यायची आणि दोन तासांनी यूव्हीए किरणांत उभं राहायचं. हे किरण जास्त खोल पोचतात आणि गोळीमुळे पेशी त्यांना संवेदनशील होतात. सासूबाईंना मी सांगितलं की सोरालेन बावचीच्या बियांत असतं, तेव्हा त्या हरखल्या. त्यांच्या माहेरी कोडावर बावची लावायचे. १९७० च्या दशकात पुवा आलं आणि थोड्याच वर्षांत या आजारावर वापरायला लागले. बावची घरी आणून लावू नका मात्र, त्यानं कातडी वाईट भाजते.

गोळीनं मळमळायचं. उपाशी पोटी न घेता पोळी खाऊन घ्यायला लागले तेव्हा बरं वाटलं. पुवाची खरी कसरत नंतर असते. गोळी घेतल्यापासून चोवीस तास डोळे आणि कातडी जपायची. यूव्हीए किरण काचेतून आत येतात, त्यामुळे एसटीत खिडकीजवळची सीट नको आणि ऑफिसातही खिडकीपाशी बसायचं नाही. मी कडेनं झाकणारा काळा चष्मा, पूर्ण बाह्या आणि तोंडाला स्कार्फ अशी असायचे. नवरात्रात देवळाच्या रांगेतही तशीच उभी राहिले. सुरू करण्याआधी डोळ्यांची तपासणी झाली होती, आणि वर्षातून एकदा करायची आहे. पुवा आयुष्यभर किती घेतलं याचा हिशेबही ठेवावा लागतो, कारण खूप जास्त झालं तर त्यानंच त्वचेचे दुसरे कॅन्सर होऊ शकतात. वहीची किंमत तेव्हा कळते.

रंग काळवंडला. लग्नसराईत भेटणारी प्रत्येक बाई म्हणायची, "किती काळी पडलीस गं." सुरुवातीला फार लागायचं. मी आरशात बघायचं टाळत होते. नवऱ्यानं एकदा जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवून दाखवला, चट्टे कुठे गेले ते बघ म्हणाला. रंग उपचार थांबल्यावर महिन्या-महिन्यानं परत येतो, माझा बराचसा आला.

विम्याची गोष्ट सांगायलाच हवी. माझा मेडिक्लेम आहे. बायॉप्सी, तपासण्या आणि उपचारांचा दावा केला तर विमा कंपनीनं तो नाकारला. कारण लिहिलं, बुरशीजन्य त्वचासंसर्ग, बाह्यरुग्ण उपचार. आजाराच्या नावातला पहिला शब्द मायकोसिस, म्हणजे बुरशीचा आजार, तेवढा वाचून कुणीतरी ठरवून टाकलं होतं. मी फोन करून करून थकले. शेवटी बाईंनी लेटरहेडवर स्पष्ट लिहून दिलं: प्रायमरी क्युटेनियस टी-सेल लिम्फोमा, आयसीडी-१० (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला) कोड सी ८४.०. सोबत टाटाच्या रिपोर्टची प्रत जोडली आणि कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी अर्ज केला. दोन महिन्यांनी तपासण्यांचे पैसे मंजूर झाले, लाइटचे झाले नाहीत कारण माझ्या पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचार बसत नव्हते. तुमच्या प्रत्येक चिठ्ठीवर, बिलावर आणि दाखल्यावर लिम्फोमा हा शब्द आणि हा कोड पहिल्या दिवसापासून लिहून घ्या. शिवाय माझ्या उपचारांच्या वेळी प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत ८०डीडीबी कलमाखाली कॅन्सरच्या खर्चाची ४०,००० रुपयांपर्यंत, ज्येष्ठांना एक लाखापर्यंत वजावट मिळत होती. त्यासाठी कॅन्सरतज्ज्ञांची चिठ्ठी लागायची. ती टाटातून आणली होती, कामाला आली.

डिसेंबरपर्यंत एक नितंबावरची चकती सोडून सगळं गेलं. ती हलेना. जानेवारी २०२५ मध्ये तेवढ्याच जागेला कमी मात्रेचं रेडिएशन दिलं, आठ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), दोन बैठकांत. हे कोल्हापुरातच झालं. या पेशी रेडिएशनला लवकर दाद देतात, म्हणून एवढं पुरतं. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात, आणि त्या नावामुळे मला आग होईल असं वाटत होतं. काहीच जाणवलं नाही. महिन्याभरात जागा सपाट झाली. रेडिएशनला जाताना शिधापत्रिका आणि आधार बरोबर घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, बिल भरायच्या आधी त्यांना भेटा.

फेब्रुवारीपासून लाइट आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग पंधरा दिवसांतून एकदा असा उतरवत आणला आणि जूनमध्ये थांबवला. एकदम बंद केलं तर लवकर उलटतं, म्हणून उतरवत आणतात. पहिल्या ट्यूबपासून आतापर्यंतचा सगळा खर्च सव्वा लाखाच्या घरात गेला, त्यातला निम्म्याहून जास्त लाइटचा आणि जाण्यायेण्याचा.

आता तीन महिन्यांनी तपासणी असते. घरी महिन्यातून एकदा, पहिल्या तारखेला, मी आणि नवरा मिळून सगळं अंग बघतो आणि त्याच त्याच जागांचे फोटो काढतो. ऑक्टोबरमध्ये मांडीच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा एक फिकट लाल चट्टा दिसला. बाईंनी बघितला, नवी बायॉप्सी नको म्हणाल्या, तेवढ्या जागेवर लावायला मलम दिलं आहे, या वेळी चिठ्ठीवर आणि मोजून. पुढची तारीख डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. तेव्हा तो गेला नसेल तर परत लाइट, नॅरोबँडपासून.